टीईओएस: गुणधर्म, तयारी आणि पाण्याचा हिशेब

टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेट, प्रयोगशाळेच्या बोलीत टीईओएस, हा दिसायला पाण्यासारखाच स्वच्छ द्रव. पण पाण्यात तो मिसळत नाही, वर तरंगत राहतो. त्याच पाण्याला थोडं आम्ल किंवा अमोनिया आणि मध्यस्थीला अल्कोहोल मिळालं, की हा द्रव बघता बघता सिलिका होतो. कधी काचेसारखी पारदर्शक जेल, कधी दुधासारखा पांढरा गढूळपणा. तयार करताना पाण्याचा थेंबही चालत नाही आणि वापरताना पाण्याशिवाय चालत नाही. टीईओएसवर काम करणं म्हणजे शेवटी पाण्याचा हिशेब ठेवणं. बिघडलेल्या बहुतेक बॅचेसची कारणं शोधत गेलं, तर पाणी नेमकं कुठे मुरलं तिथेच आपण पोचतो.

बडोद्यात एम.एस्सी.चे प्रकल्प करणारी मुलं आणि मकरपुरा, नंदेसरीच्या लहान कारखान्यांतले तरुण केमिस्ट डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितोय. घरी, गच्चीवर किंवा गॅरेजमध्ये करायचं हे काम नाही. चालू स्थितीतला फ्यूम हूड आणि अनुभवी मार्गदर्शक नसेल, तर तयारीचा भाग फक्त वाचा आणि टीईओएस विकत आणून थेट जेलच्या भागाकडे जा.

आधी ओळख

रेणूच्या मध्यभागी सिलिकॉनचा एक अणू, त्याला चार ऑक्सिजन आणि प्रत्येक ऑक्सिजनला एक एथिल गट. सिलिकॉन आणि कार्बन यांच्यात थेट बंध नाही, म्हणून काटेकोर वर्गीकरणात हा सिलिसिक आम्लाचा एस्टर ठरतो. पण सेंद्रिय सिलिकॉन संयुगांचा अभ्यास सुरू करायला याच्याइतकं चांगलं संयुग मला दुसरं दिसत नाही. याचा जवळचा भाऊ मिथिलट्रायएथॉक्सिसिलेन. त्यात एक मिथिल गट थेट सिलिकॉनला जोडलेला असतो. तो बंध पाण्याने तुटत नाही, त्यामुळे टीईओएसमध्ये थोडा हा भाऊ मिसळून केलेली जेल पाणी झटकून टाकते.

आकडे पाठ असलेले बरे. रेणुभार २०८.३. उत्कलनबिंदू १६८ अंश सेल्सिअसच्या आसपास. २० अंशांना घनता ०.९३३, अपवर्तनांक १.३८२ ते १.३८३. ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते तो बिंदू, सुमारे ४५ अंश. हा शेवटचा आकडा बडोद्यात राहणाऱ्याने गांभीर्याने घ्यायला हवा. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ पर्यंत जातो आणि पत्र्याखालच्या स्टोअररूममध्ये त्याहून वर. थंड देशातल्या प्रयोगशाळेत खोलीच्या तापमानाला निर्धोक वाटणारी बाटली आपल्याकडे उन्हाळ्यात धोक्याच्या रेषेवर बसलेली असते.

वाफ डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला चुरचुरते, जास्त प्रमाणात मूत्रपिंडांना घातक ठरते. कामाच्या जागी आठ तासांच्या सरासरीसाठी १० पीपीएम ही मर्यादा प्रचलित आहे. एक सावधगिरी मात्र ठळक सांगतो. टेट्रामिथिल ऑर्थोसिलिकेट, म्हणजे टीएमओएस, नावाने आणि रूपाने याच्यासारखाच. पण त्याची वाफ डोळ्याच्या पारदर्शक पटलावर विघटित होऊन दृष्टी कायमची घालवू शकते. जेल लवकर होते म्हणून काही कृतींत तो सुचवलेला असतो. विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत तो आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि असेलच तर टीईओएसच्या शेजारी ठेवू नये.

हे संयुग पहिल्यांदा १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये एबेलमन यांनी केलं. सिलिकॉन टेट्राक्लोराइडवर अल्कोहोलची क्रिया करून मिळालेला द्रव दमट हवेत हळूहळू पारदर्शक घन होतो, हे त्यांनीच नोंदवलं. पुढे १८६१ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ होफमन यांनी लंडनच्या संसद भवनाचे झिजणारे दगड टिकवायला असा सिलिकेट एस्टर वापरावा अशी सूचना केली. दगडात मुरायचं आणि आतल्या आत सिलिका होऊन कण बांधून ठेवायचे, ही कल्पना वारसावास्तूंच्या जतनात आजही वापरात आहे. याशिवाय इन्व्हेस्टमेंट कास्टिंगच्या साच्यांत चिकटद्रव्य म्हणून, पोलादाला गंजापासून वाचवणाऱ्या झिंक सिलिकेट प्रायमरमध्ये आणि चिप बनवताना सिलिकाचा पातळ थर बसवायला हे संयुग लागतं. कास्टिंगवाले 'एथिल सिलिकेट ४०' म्हणतात ते शुद्ध टीईओएस नव्हे. ते अर्धवट जोडलेल्या रेणूंचं मिश्रण असतं, आणि ४० हा आकडा त्यातून मिळणाऱ्या सिलिकाच्या टक्केवारीचा.

विकत मिळतं, मग करायचं कशाला?

फक्त जेल किंवा कण हवे असतील तर खुशाल बाटली विकत घ्या. ९८ टक्के शुद्धतेचा माल सहज मिळतो. तयारी करायची ती ओलाव्यापासून जपून काम करण्याचा हात बसावा म्हणून. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी याच शहरात कलाभवन सुरू केलं आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारख्या रसायनतज्ज्ञाकडे त्याची सूत्रं दिली. स्वतः करून शिकण्याची ती परंपरा बडोद्याने सोडू नये असं मला मनापासून वाटतं. कोरडी काच, कोरडं अल्कोहोल, नायट्रोजनचा प्रवाह आणि वायू शोषणारा सापळा ही चारही कामं या एका प्रयोगात शिकून होतात, आणि पुढे कुठलंही क्लोरोसिलेन हाताळताना तीच उपयोगी पडतात.

दिवस निवडून घ्या. टीईओएस इथे आपण सिलिकॉन टेट्राक्लोराइड आणि इथेनॉलपासून करणार आहोत, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत टेट्राक्लोराइडची बाटली उघडणं मी टाळेन. डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा या कामाला उत्तम.

अल्कोहोलची नोंद आणि अल्कोहोलमधलं पाणी

गुजरातेत दारूबंदीचा कायदा असल्यामुळे प्रयोगशाळेलाही इथेनॉलसाठी परवाना लागतो आणि आलेल्या-गेलेल्या मालाची नोंद ठेवावी लागते. प्रकल्पाची आखणी करतानाच स्टोअरकीपरला गाठा, ऐनवेळी अडाल. परवान्याची कटकट टाळायला डिनेचर्ड स्पिरिट वापरू नका. त्यात मुद्दाम घातलेले पदार्थ या क्रियेत लुडबूड करतात.

शुद्ध म्हणून हातात आलेल्या अल्कोहोलचीही परीक्षा हवी. साध्या ऊर्ध्वपातनाने मिळणारं इथेनॉल वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे जात नाही, बाकीचं पाणी. खाली दिलेल्या कृतीला सुमारे २०.३ ग्रॅम अल्कोहोल लागतं. हे साधं अल्कोहोल घेतलं तर त्यासोबत ०.९ ग्रॅम पाणी आत जातं, म्हणजे ०.०५ मोल. आपल्याकडे सिलिकॉन आहे ०.१ मोल. दोन सिलिकॉन अणूंमागे पाण्याचा एक रेणू. आणि दोन रेणूंची जोडी जुळवायला पाण्याचा एकच रेणू पुरतो. म्हणजे कागदावर पाहिलं तर सगळाच माल जोडरेणू होऊन बसेल, टीईओएस हाती लागणार नाही. चार टक्के पाणी म्हणजे किरकोळ, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे गणित एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावं.

म्हणून ॲब्सोल्यूट अल्कोहोल घ्या आणि तेही ३ए मॉलिक्युलर सीव्हवर, म्हणजे पाणी शोषून घेणाऱ्या सच्छिद्र मण्यांवर, दोन दिवस ठेवा. सीव्हचे मणी आधी २५० ते ३०० अंशांवर रात्रभर तापवून, कोरड्या जागी थंड केलेले असावेत. ४ए चालेल का असं मुलं विचारतात. त्याच्या छिद्रांत इथेनॉलही शिरू शकतं, म्हणून ३एच. पाण्याचा अंश मोजणारं कार्ल फिशर यंत्र असेल तर पाणी ०.०५ टक्क्यांच्या आत आल्याची खात्री करा.

साहित्य आणि मांडणी

विद्यार्थ्यांसाठी ०.१ मोलचं प्रमाण पुरेसं आहे. सिलिकॉन टेट्राक्लोराइड १७.० ग्रॅम, म्हणजे सुमारे ११.५ मिली. कोरडं इथेनॉल २०.३ ग्रॅम, म्हणजे सुमारे २५.७ मिली, हे हिशेबापेक्षा १० टक्के जास्त आहे आणि ते मुद्दाम. सगळं रूपांतर झालं तर २०.८ ग्रॅम टीईओएस मिळेल. तीन चतुर्थांश हाती आला तरी पहिल्या खेपेला समाधान माना.

सोबत निघणाऱ्या हायड्रोजन क्लोराइडचाही हिशेब करा. एका सिलिकॉनमागे चार रेणू, म्हणजे ०.४ मोल. खोलीच्या तापमानाला हा वायू जवळजवळ १० लिटर भरतो. साडेअकरा मिली द्रवातून दहा लिटर दाहक वायू! त्यामुळे सापळा आधी जोडायचा, मग बाटलीला हात लावायचा. ५०० मिली पाण्यात ३० ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून ठेवा; लागणार १६ ग्रॅम, बाकीचा सुरक्षिततेसाठी.

या सापळ्यात दोन गोष्टी चुकतात. हायड्रोजन क्लोराइड पाण्यात इतका भराभर विरघळतो की वायूचा जोर जरा कमी झाला की सापळ्यातलं पाणी नळीतून उलटं फ्लास्ककडे खेचलं जातं, आणि तिथे टेट्राक्लोराइड वाट पाहत असतं. म्हणून मध्ये एक मोठी रिकामी बाटली हवीच. दुसरं असं की टेट्राक्लोराइड ५७.६ अंशांना उकळतं, त्यामुळे नायट्रोजनबरोबर त्याची थोडी वाफ सापळ्यापर्यंत पोचते. तिथे पाण्याशी गाठ पडली की नळीच्या तोंडाशी सिलिकाचा पांढरा कडक थर जमतो. नळी बारीक असेल तर तोंड बंद होऊन आत दाब वाढतो. बारीक नळीऐवजी उलटं फनेल लावा, त्याची कड पाण्याच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकेल इतपत ठेवा आणि मधूनमधून त्याकडे नजर टाकत राहा.

फ्लास्क तीन तोंडांचा, १०० मिलीचा. सोबत ड्रॉपिंग फनेल, रिफ्लक्स कंडेन्सर, चुंबकी स्टरर. काचसामान १२० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवा आणि गरम असतानाच जोडून आत नायट्रोजन सोडा. सांध्यांवर टेफ्लॉनच्या स्लीव्ह घाला, नाहीतर सांध्यात शिरलेला द्रव दमट हवेने सिलिका होतो आणि काच काचेला कायमची चिकटते. गॉगल, चेहऱ्यावर शील्ड, नायट्राइलचे हातमोजे, सुती एप्रन. सांडलं तर त्यावर आधी कोरडी वाळू टाकायची, पाणी नाही. अंगावर किंवा डोळ्यांत गेलं तर मात्र ताबडतोब भरपूर वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा.

प्रत्यक्ष कृती

फ्लास्क बर्फाच्या पाण्यात बसवा. टेट्राक्लोराइड कोरड्या सिरिंजने नायट्रोजनखालीच फ्लास्कमध्ये घ्या. बाटलीच्या तोंडाशी लगेच पांढरा धूर दिसेल. तो हवेतल्या ओलाव्याचा पुरावा, आणि धूर जितका दाट तितकी त्या दिवसाची हवा या कामाला वाईट. बाटली लगेच बंद करा.

इथेनॉल ड्रॉपिंग फनेलमध्ये भरा आणि ढवळणं चालू ठेवून थेंबथेंब सोडा, साधारण पाऊण ते एक तास. क्रम उलटा करू नका. अल्कोहोलमध्ये टेट्राक्लोराइड सोडलं तर हायड्रोजन क्लोराइडची गाठ कायम भरपूर अल्कोहोलशी पडते. त्यातून एथिल क्लोराइड आणि पाणी तयार होतं. बाहेरचं पाणी अडवायला एवढी खटपट केली आणि फ्लास्कच्या आतच पाणी जन्माला आलं, असं व्हायला नको.

पहिल्या थेंबांबरोबर बुडबुडे जोरात येतात, नंतर वेग मंदावतो. इथे घाई नडते. चारपैकी तीन क्लोरीन सहज जातात, चौथा चिकट असतो. तो राहिला तर तयार होणारं क्लोरोट्रायएथॉक्सिसिलेन १५६ अंशांच्या सुमाराला उकळतं, टीईओएसच्या इतक्या जवळ की लहान कॉलमवर दोघांना नीट वेगळं करता येत नाही. म्हणून ऊर्ध्वपातनावर भिस्त न ठेवता क्रियाच तडीस न्यायची. जादा १० टक्के अल्कोहोल त्यासाठीच घेतलं होतं.

सगळं अल्कोहोल गेलं की बर्फ काढा, अर्धा तास खोलीच्या तापमानाला ढवळा, मग हळूहळू तापवून दोन तास रिफ्लक्स करा, म्हणजे उकळू द्या आणि वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन परत फ्लास्कमध्ये पडू द्या. या वेळी नायट्रोजनचा प्रवाह किंचित वाढवा म्हणजे विरघळलेला हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडेल. कंडेन्सरवरून बाहेर पडणाऱ्या वायूपुढे ओला पीएच कागद धरा. तो लाल व्हायचा मंदावला की पुढे चला.

फ्लास्क थंड करून कोरडं ट्रायएथिलअमाइन थेंबथेंब घाला. पांढरा क्षार खाली बसतो. काचेच्या कांडीवरचा थेंब ओल्या पीएच कागदावर उदासीन दिसेपर्यंतच घालायचं, त्यापुढे नाही. उरलेली आम्लता काढणं अत्यावश्यक आहे, कारण आम्ल राहिलं तर ऊर्ध्वपातनाच्या उष्णतेत पाण्याचा अंशही रेणू जोडायला पुरतो. क्षार सिंटर्ड फनेलवर, नायट्रोजनखाली, पटकन गाळा.

आता ऊर्ध्वपातन. लहान विग्रो कॉलम लावा आणि हीटिंग मँटल वापरा, उघडी ज्योत आसपास नको. ७८ अंशांना जादा अल्कोहोल येतं. मग थर्मामीटर चढत जातो आणि मधला थोडा भाग येतो, तो वेगळा ठेवा. १६५ ते १६९ अंशांचा भाग म्हणजे आपला माल. बडोदं समुद्रसपाटीपासून थोडंच उंच असल्याने दाबाची दुरुस्ती करावी लागत नाही. फ्लास्कमध्ये शेवटी जाडसर द्रव उरतो. ते जोडलेले रेणू. कोरडं पडेपर्यंत तापवू नका.

कारखान्यात हल्ली सिलिकॉनची भुकटी आणि इथेनॉल यांची थेट क्रियाही वापरतात. अल्कली उत्प्रेरक असतो आणि हायड्रोजन क्लोराइडऐवजी हायड्रोजन निघतो. कल्पना सुंदर आहे, पण हायड्रोजन आणि तापलेलं अल्कोहोल एकत्र असलेलं काम विद्यार्थ्यांच्या टेबलावर नको.

हा टीईओएसच आहे ना?

घनता आणि अपवर्तनांक ही पहिली परीक्षा. वरचे आकडे २० अंशांचे आहेत. ३० अंशांच्या खोलीत घनता ०.०१ च्या आसपास कमी भरते, अपवर्तनांकही थोडा घसरतो. तो दोष समजू नका. थोडा माल अल्कोहोलमध्ये घेऊन त्यात नायट्रिक आम्लाचा थेंब आणि सिल्व्हर नायट्रेट घाला. पांढरेपणा आला तर क्लोराइड शिल्लक आहे. प्रोटॉन एनएमआर, म्हणजे रेणूतल्या हायड्रोजन अणूंची मांडणी दाखवणारा आलेख, मिळाला तर १.२ पीपीएमजवळ त्रिपदी आणि ३.८ पीपीएमजवळ चतुष्पदी शिखर, १२ आणि ८ या प्रमाणात. सिलिकॉन एनएमआरमध्ये उणे ८२ पीपीएमजवळ एकच रेघ. तिच्या शेजारी उणे ८९ च्या सुमाराला दुसरी रेघ दिसली तर जोडरेणू आहेत.

पण माझी आवडती परीक्षा साधी तराजूची. टीईओएसच्या वजनात सिलिकाचा वाटा २८.८ टक्के असतो. झाकणाच्या, आधी तापवून वजन केलेल्या क्रुसिबलमध्ये नेमका २ ग्रॅम माल, थोडं अल्कोहोल आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या. झाकून रात्रभर ठेवा, म्हणजे माल उडून न जाता जेल होईल. मग अगदी हळू वाळवा, आणि भट्टीत ८०० अंशांवर स्थिर वजन येईपर्यंत तापवा. ०.५७७ ग्रॅम पांढरी भुकटी उरली पाहिजे. कमी भरली तर अल्कोहोल मिसळलंय किंवा माल उडालाय. जास्त भरली तर रेणू जोडले गेलेत, कारण जोडरेणूत सिलिकाचं प्रमाण ३५ टक्के असतं. या एका आकड्यात तुमच्या कोरडेपणाची सगळी परीक्षा होते.

आता पाणी घालायचं

इतका वेळ ज्याला दाराबाहेर ठेवलं ते पाणी आता मोजून आत घ्यायचं. चारही एथॉक्सी गट काढायला पाण्याचे चार रेणू लागतात. पण नंतर दोन सिलिकॉन ऑक्सिजनच्या पुलाने जोडले जाताना पाणी परत मिळतं. त्यामुळे निव्वळ खर्च दोनच रेणूंचा. प्रत्यक्षात आपण चार घालतो, म्हणजे क्रिया रेंगाळत नाही.

टीईओएस १०.४ ग्रॅम किंवा ११.२ मिली, इथेनॉल ११.७ मिली आणि पाणी ३.६ मिली. पाणी म्हणून ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या. आधी टीईओएस आणि अल्कोहोल मिसळा, मग ढवळत आम्लाचं पाणी घाला. अल्कोहोल नसतं तर दोन थर वेगळे राहिले असते. कंडेन्सर लावून ६० अंशांच्या वॉटर बाथवर तासभर ठेवा. हे मिश्रण तसंच झाकून ठेवलं तर जेल व्हायला बरेच दिवस लागतात. सिलिकाच्या बाबतीत पीएच २ च्या आसपास जोडण्याची क्रिया सर्वांत मंद असते, म्हणून हा सोल, म्हणजे जेल होण्याआधीचं पातळ मिश्रण, बराच काळ द्रव राहतो आणि त्यात काच बुडवून पातळ थर देता येतो.

लवकर जेल हवी असेल तर थंड झाल्यावर सौम्य अमोनिया थेंबथेंब घालून पीएच ६ ते ७ पर्यंत आणा. अमोनिया घातल्यावर कुपी हातातून सोडू नका. दर थोड्या वेळाने ती तिरकी करून बघा. सुरुवातीला द्रवाचा पृष्ठभाग झटकन आडवा होतो. मग तो मधासारखा सावकाश सरकतो. आणि एका क्षणी कुपी तिरकी केली तरी पृष्ठभाग तिच्याबरोबर तिरकाच राहतो. तो जेलबिंदू, वेळ लिहून ठेवा. आता कुपीवर टिचकी मारली तर आतली जेल थरथरते आणि तो कंप बोटांना कळतो. आत अजून बहुतांश अल्कोहोल आणि पाणीच आहे, सिलिकाचं जाळं त्याला धरून उभं आहे.

खरी कसोटी वाळवण्याची. बारीक छिद्रांतून द्रव निघताना त्याचा पृष्ठताण जाळ्याला आत ओढतो आणि जेलला तडे जातात. दोन दिवस बंद कुपीत मुरू द्या, त्याने जाळं बळकट होतं. मग तोंडावरच्या पॅराफिल्मला सुईने दोन-तीन भोकं पाडा आणि आठवडाभर किंवा जास्त, पंख्यापासून दूर ठेवा. जेल आकसून मूळच्या मानाने अगदी लहान, कडक तुकडा उरेल. हा झिरोजेल. आकसू न देता द्रव काढायचा असेल तर तो अतिक्रांतिक अवस्थेत, म्हणजे द्रव आणि वायू यांच्यातला फरकच उरत नाही अशा उच्च दाब-तापमानाला, नेऊन सोडावा लागतो. १९३१ मध्ये किस्टलर यांनी एरोजेल केलं ते याच युक्तीने.

अमोनियात: स्टोबरचे गोल कण

आम्लात रेणू साखळ्यांसारखे वाढतात, तर अमोनियात गच्च गोळे होतात. १९६८ मध्ये स्टोबर, फिंक आणि बोन यांनी ही पद्धत मांडली आणि एकसारख्या आकाराचे सिलिकाकण करायला आजही ती पहिली पसंती असते.

इथेनॉल ७५ मिली, पाणी १० मिली, २५ टक्के अमोनिया ३ मिली. २५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ढवळत ठेवा आणि ६ मिली टीईओएस एका दमात ओता. पहिली काही मिनिटं काहीच घडत नाही. मग काळ्या कागदासमोर धरलं तर द्रवात निळसर झाक दिसते. थोड्याच वेळात ती वाढून सगळं दुधासारखं होतं. दोन-तीन तास ढवळा, सेंट्रिफ्यूज करा, अल्कोहोल आणि पाण्याने तीनदा धुवा. साधारण २०० ते ४०० नॅनोमीटरचे कण मिळायला हवेत आणि हिशेबाने सिलिका १.६ ग्रॅम. फक्त १०० अंशांना वाळवलेला माल थोडा जास्त भरतो, कारण आत पाणी आणि न निघालेले एथॉक्सी गट असतात.

वॉटर बाथचा आग्रह का? तापमान वाढलं की कण लहान होतात. जानेवारीत १८ अंशांच्या खोलीत आणि मेमध्ये ३८ अंशांच्या खोलीत तीच कृती केली तर दोन वेगळे माल मिळतात, आणि मुलं दोष टीईओएसला देतात. दुसरा आरोपी अमोनिया. उघडझाकीत बाटलीतला अमोनिया उडत जातो आणि लेबलवर मात्र २५ टक्केच राहतं. प्रत्येक मालिकेआधी प्रमाणित आम्लाने टायट्रेशन करा, दहा मिनिटांचं काम आहे. आणि त्या अमोनियातून किती पाणी येतं तेही १० मिलीत मिळवून वहीत लिहा. दोन बॅचेसची तुलना करायची तर एकूण पाणी माहीत हवं.

सफाई आणि साठवण

भांडी आधी अल्कोहोलने विसळा, पाण्याने नंतर. थेट पाणी घातलं तर काचेवर सिलिकाचा धूसर पापुद्रा बसतो. तो बसलाच तर अल्कधर्मी बाथमध्ये ठेवून निघतो, पण ब्युरेट-पिपेट त्यात घालू नका, माप बिघडतं. उरलेला सोल सिंकमध्ये ओतायचा नाही. पाइपात तो जेल होतो. उघड्या ट्रेमध्ये फ्यूम हूडखाली जेल होऊ द्या, वाळवा आणि घनकचऱ्यात द्या. वाळलेली बारीक भुकटी उडवू नका, मास्क लावा. सापळ्यातलं पाणी उदासीन करून मगच टाका.

टीईओएस लहान बाटल्यांत भरून, वर नायट्रोजन सोडून, घट्ट बंद ठेवा; उन्हाळ्यात वातानुकूलित खोलीत, आम्ल आणि अमोनियापासून दूर. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. सहा महिन्यांनी तराजूची तीच परीक्षा पुन्हा करा. सिलिका ३० टक्क्यांच्या वर गेली असेल तर ती बाटली स्टोबरच्या कणांसाठी वापरू नका, साध्या जेलसाठी चालेल.